यादीतला प्राणी, यादीबाहेरचा माळ

काळवीट मारणे हा आपल्या देशात गंभीर गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. लांडगा त्याच यादीत आहे, माळढोकही आहे. या गुन्ह्याची शिक्षा कागदापुरती नाही, हे देशाने पाहिले आहे. काळवीट मारल्याच्या खटल्यात एका नामवंत सिनेनटाला जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. आता हाच काळवीट लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या माळावर वर्षानुवर्षे राहतो आहे असे समजा. त्याला कुणी गोळी घातली तर वनखाते येईल, पंचनामा होईल, गुन्हा दाखल होईल. पण तो ज्या माळावर चरतो, ज्या उघड्या टेकाडावर नर भर उन्हात आपली हद्द धरून उभा राहतो आणि लेंड्यांचे ढीग घालून ती राखतो, तो माळ उद्या जेसीबीने उलथला, मुरूम काढून खड्डा केला, तारेचे कुंपण घातले किंवा त्यावरून सहापदरी रस्ता नेला, तर या कायद्याखाली बहुधा कसलाच गुन्हा घडत नाही. कळप कुठे गेला हे विचारायला कुणी येत नाही. संकटग्रस्त प्राण्यांचे संरक्षण सैल करायचे तर त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागतो असे आपण समजतो. मराठवाड्यात त्याची गरजच पडत नाही. इथे प्राण्याचे नाव यादीत तसेच ठेवून त्याच्या पायाखालची जमीन काढून घेता येते.

कायद्याने ‘शिकार’ म्हणजे काय ते सविस्तर सांगितले आहे. मारणे, विष घालणे, सापळा लावणे, पकडणे, हाकून नेणे, जखमी करणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, घरटी विस्कटणे, हे सारे त्यात येते. प्राण्याचा अधिवास नष्ट करणे मात्र त्या व्याख्येत नाही. ती मनाई आहे ती अभयारण्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. अमेरिकेत १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली झालेल्या नियमांनी ‘इजा’ या शब्दात अधिवासाची अशी मोडतोडही धरली होती, की जिच्यामुळे प्राणी प्रत्यक्ष मरतो किंवा जखमी होतो. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ उचलून धरला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही व्याख्याच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. लाकूडतोड, घरबांधणी आणि खाणींच्या वाटेतला अडसर दूर करणे हा त्यामागचा हेतू उघड आहे, आणि त्यावर तिथे मोठे वादंग झाले. तिथे जे गमावण्याची भीती आहे, ते अभयारण्याबाहेरच्या जमिनीपुरते आपल्याकडे कधी नव्हतेच. त्यामुळे आपल्याकडे वादंगही होत नाही.

ही उणीव देशभर आहे, तरी तिची सर्वांत मोठी किंमत मराठवाड्यासारख्या प्रदेशाला मोजावी लागते. लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. राज्यात वनाच्या बाबतीत सर्वांत दरिद्री जिल्हा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. नांदेडचे जंगल मुख्यतः किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात आणि पैनगंगेच्या काठाने आहे. कंधार, लोहा, मुखेड, देगलूर या तालुक्यांत आणि अहमदपूर, चाकूर, औसा, निलंग्यापर्यंत पसरलेल्या बालाघाटच्या पठारावर जे काही रानटी उरले आहे, ते वनखात्याच्या जमिनीवर फारसे नाही. ते गायरानात, माळरानात, ओढ्याकाठच्या घळीत आणि शेताच्या रुंद बांधावर आहे. पवन्या, मारवेल, कुसळीच्या गवतात तितर आणि चंडोल अंडी घालतात. धाविक आणि पखुर्डी उघड्या मुरमावर, आडोशाशिवाय. लांडग्याची मादी हिवाळ्यात ओघळीच्या मातकट कडेला, बहुधा साळिंदराचे किंवा खोकडाचे जुने बीळ मोठे करून त्यात पिल्ले घालते. महिना-दीड महिना तीच जागा तिचे सर्वस्व असते. त्या काळात तिथे मुरमाचा ट्रॅक्टर फिरला की ती पिढी संपली. वाघासारखा जंगलाचा प्राणीसुद्धा या मोकळ्या मुलखावर अवलंबून असतो. २०२४च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट या इवल्याशा अभयारण्यात वाघ दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे कळले. सरळ रेषेत हे अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त भरते. तो कोणत्याही वाटेने आला असला, तरी ती वाट मराठवाड्याच्या शेतांतून, नाल्यांतून आणि माळांतूनच गेली असणार. यातली कोणतीही वाट कायद्याच्या नकाशावर नाही.

महसुली दप्तरात या माळाला जी नावे आहेत, ती त्याचे भवितव्य ठरवतात. गायरान, पडीक, पोटखराबा, मुरमाड. केंद्र सरकार तर ‘पडीक जमिनींचा नकाशासंग्रह’ म्हणून जे पुस्तक छापते, त्यात झुडपी आणि खुरटी मोकळी जमीन सरळ पडीकांत धरलेली असते. एकदा जमीन पडीक ठरली की तिचा काहीही उपयोग करणे म्हणजे सुधारणाच. जंगलाच्या बाबतीत निदान न्यायालयाचा आधार आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी नोंद असो वा नसो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल. २०२३च्या दुरुस्तीने वनसंरक्षण कायद्याची व्याप्ती नोंदीतल्या वनांपुरती आखडली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तोच जुना अर्थ पाळायला सांगितले. मे २०२५ मध्ये विदर्भातले झुडपी जंगल हे वनच आहे असाही निकाल आला. पण गवताळ माळ शब्दकोशातही जंगल नाही. जिथे झाडच नाही तिथे ‘वन’ शोधणारा कायदा लातूरच्या वेशीवर येऊन थांबतो.

या गैरसमजाचे आणखी एक रूप फार चांगल्या हेतूने आले आहे. राज्याने तीन वर्षांत पन्नास कोटी झाडांची मोहीम हाती घेतली, २०१९च्या पावसाळ्यात एकट्या वर्षासाठी तेहतीस कोटींचे उद्दिष्ट ठेवले, आणि वनक्षेत्र नगण्य असलेल्या जिल्ह्यांत खड्डे खणायला जागा म्हणून माळ आणि गायराने पुढे आली. लातूरला झाडे हवीत यात शंका नाही. शहरात, रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात, ओढ्यांच्या काठी हवीत. पण शेकडो वर्षांच्या गवताळ माळावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ ओळीने लावले की उघड्यावर जगणारे पक्षी तिथून उठतात. महामार्गासाठी जंगल तोडले तर त्याची भरपाई म्हणून जी झाडे लावायची, तीही पुष्कळदा ‘रिकाम्या’ माळावरच जातात. एका अधिवासाची भरपाई दुसरा अधिवास पुसून केली जाते आणि अहवालात दोन्ही ठिकाणी हिरवा रंग भरतो.

पर्यावरण आघात मूल्यांकनाची पद्धतही माळाला न्याय देत नाही. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जागेची पायाभूत माहिती सहसा एका ऋतूत, तीही पावसाळा वगळून, गोळा केली जाते. माळ जिवंत होतो तो नेमका पावसाळ्यात. मृगाच्या सरींनंतर गवत उठते, टोळ-नाकतोडे येतात, आणि माळावरचे बरेचसे पक्षी त्याच सुमाराला घरटी करतात. मार्च-एप्रिलमध्ये तिथे गेलेल्या माणसाला पिवळे खुंट आणि दगड दिसतात, आणि तो प्रामाणिकपणे तेवढेच लिहितो. सौरऊर्जा प्रकल्पांना तर हे मूल्यांकनही लागू नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे मिळते, सरकारी आणि गायरान जमीन मात्र नाममात्र दराने दिली जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटार सुरू करायला जावे लागू नये, हा योजनेचा हेतू अगदी रास्त आहे. पण ज्या जमिनीची किंमतच शून्य धरली, तिच्यावर पहिला डोळा जाणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

संरक्षणाला जमीन द्यायची म्हटली तर काय होते, याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला, दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात चराई बंद करून राखलेल्या कुरणांत, सत्तरच्या दशकात माळढोक नजरेत भरू लागले. बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या. १९७९ मध्ये सरकारने सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर केले. नकाशावर ते भव्य होते. प्रत्यक्षात त्यात गावेच्या गावे होती, पिकती शेते होती, रस्ते होते, आणि उजनीचे पाणी आल्यावर त्यात ऊस आणि साखर कारखाने आले. माळढोकाला हवे असलेले गवताळ तुकडे या अफाट क्षेत्राचा लहानसा भाग होते, आणि तेवढ्यांचीही नीट राखण झाली नाही. उलट ज्यांच्या शेतात माळढोक कधी उतरला नाही, अशा हजारो शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर अभयारण्याची टांगती तलवार आली. जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, छोटेमोठे उद्योग, सगळे अडले. लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला, आणि तो राग अकारण नव्हता. शेवटी अभयारण्याचे पुनर्निर्धारण झाले आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, म्हणजे मूळच्या साधारण सातव्या हिश्शावर.

या कपातीचा अर्थ दोन बाजूंनी लावला जातो. एक बाजू म्हणते, विकासासाठी पक्ष्याचा बळी दिला. दुसरी म्हणते, इतके मोठे अभयारण्य असूनही पक्षी वाचला नाही, म्हणजे संरक्षण निरुपयोगीच. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. चूक १९७९ मध्येच झाली होती. ज्या जमिनीची खरोखर गरज होती ती नेमकी न शोधता, तिथल्या माणसांशी न बोलता, सरसकट हद्द आखली गेली. अशी हद्द टिकत नाही, आणि ती मागे घेताना मूळ गवताळ तुकडेही माणसांच्या रागाच्या तोंडी जातात. माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्याला दहा-वीस वर्षांची हेळसांडही परवडत नाही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर ती बातमी होते. जगात उरलेले दीडशेच्या आतबाहेरचे पक्षी मुख्यतः राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथेही पेच तोच. जड शरीराचा, समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी उच्चदाबाच्या तारांना धडकून मरतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सौर आणि पवनऊर्जेची गरज, तांत्रिक अडचणी आणि खर्च यांचा विचार करून तो सरसकट आदेश मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. समितीचा मार्ग कदाचित अधिक व्यवहार्य असेल. पण संरक्षण मागे घ्यायला एक सुनावणी पुरते आणि पक्षी परत यायला पन्नास वर्षेही पुरत नाहीत, ही विषमता कोणत्याही तडजोडीत हिशेबात धरली पाहिजे.

आता हाच प्रश्न नांदेड-लातूरच्या दारात आला आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग बारा जिल्ह्यांतून आखला गेला. त्यात नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, बीड आणि धाराशिव हे मराठवाड्याचे सहा जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. शेतकऱ्यांचा विरोध कोल्हापूरपासून अर्धापूरपर्यंत झाला. अर्धापूर-हदगावकडची जमीन काळीभोर, पाण्याखालची, केळी-हळदीची. ती देणार नाही असे शेतकरी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण या मागणीच्या पोटात एक दुसरी गोष्ट दडलेली असते. बागायती वाचवा म्हटले की पुढचे वाक्य येते, मग रस्ता माळावरून न्या. शेतजमिनीला मालक आहे, तो मोर्चा काढतो, मोबदला मागतो, न्यायालयात जातो. माळाला असा कुणी नाही. अभियंत्याच्या दृष्टीने माळावरची आखणी स्वस्त, निर्विवाद आणि झटपट. म्हणून आखणी बदलताना प्रत्येक वेळी विचारले पाहिजे, की जिकडे रेषा सरकली तिथे काय होते.

रस्ता आणि प्राणी एकत्र नांदू शकतात, हे नाकारायचे कारण नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग सातशे एक किलोमीटरचा. तो कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य, काटेपूर्णा आणि तानसा यांच्या परिसरातून जातो, म्हणून तिथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने प्राण्यांसाठी खालून आणि वरून वाटा केल्या गेल्या. हे का घडले याकडे लक्ष द्यायला हवे. तिथे अभयारण्ये होती, म्हणून वन्यजीव मंडळाची परवानगी लागली, म्हणून अभ्यास झाला, म्हणून वाटा झाल्या. शक्तिपीठाच्या लातूर-नांदेडमधल्या पट्ट्यात अशी हद्द क्वचितच आडवी येईल. मग काळविटांच्या वाटेचा प्रश्न विचारायची सक्ती कुणावर? काळवीट नजर आणि वेग यांच्या भरवशावर जगणारा प्राणी आहे. अरुंद, अंधाऱ्या मोरीत शिरायला तो बिचकतो. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेल्या द्रुतगती मार्गाने कळपाचे दोन तुकडे झाले, की एका बाजूला पाणी राहते आणि दुसऱ्या बाजूला चारा. त्यासाठी रुंद, वरून गवत असलेला पूल लागतो, आणि तो कुठे हवा हे आखणी पक्की होण्याआधी ठरवावे लागते.

सर्वांत मोठा आक्षेप मराठवाड्याच्या मागासलेपणाचा आहे, आणि तो हलक्यात घेता येणार नाही. १९८४च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून अनुशेषाचे आकडे मांडले जात आहेत. रस्ते, रेल्वे, कारखाने सगळीकडे झाले आणि इथेच कमी पडले. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशाला हरणा-लांडग्यांचे कारण सांगून रस्ता अडवणे म्हणजे पुन्हा अन्यायच, असे कुणी म्हटले तर त्यात दुखरे सत्य आहे. पुण्या-मुंबईने आपले माळ आधीच सिमेंटखाली घातले, आता त्यागाची पाळी आमचीच का, हा प्रश्नही चुकीचा नाही. पण लातूरचा जो दुष्काळ या युक्तिवादात पुढे केला जातो, त्याचा माळाशी थेट संबंध आहे. बालाघाटच्या उतारावर मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. पावसाचे पाणी तिथे थांबते ते गवताच्या मुळांमुळे. वर गवत असेल तर पाणी मुरमात झिरपते आणि खालच्या शिवारातल्या विहिरींना उतरते. वरचा माळ खरवडला की तेच पाणी तासाभरात माती घेऊन ओढ्याला जाते. माळाचा बळी देऊन आलेल्या समृद्धीला पाण्यासाठी पुन्हा टँकरच शोधावा लागेल.

आणि माळ फक्त हरणांचा नाही. कंधारची लालकंधारी आणि देवणीची देवणी, ही देशभर ओळखली जाणारी गुरांची दोन वाणे याच मुलखात घडली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ती मिरवतात, त्यांना बक्षिसे मिळतात, पुढारी त्यांच्या पाठीवर हात ठेवून छायाचित्रे काढतात. ही जनावरे कमी चाऱ्यावर, उन्हात, माळावर चरून टिकणारी म्हणूनच मोलाची. गावचे गायरान गेले की गरीब माणसाला दावणीवर विकतचा कडबा घालून गाय पाळणे परवडत नाही, आणि तो ती विकतो. धनगरांची मेंढरे, उस्मानाबादी शेळ्या, सगळ्यांची गोष्ट तीच. काळविटाचे गवत आणि देवणीचे गवत वेगळे नाही. वन्यजीवांच्या नावाने माळ वाचवा म्हटले की ते शहरी लाड वाटतात. खरे तर त्याच माळावर गावातल्या सर्वांत कमी जमीन असलेल्या माणसाचे पोट चालते.

दुसरा आक्षेप शिवारातून येतो आणि तो सर्वांत खरा आहे. हरणांचे कळप कोवळे सोयाबीन शेंड्यापासून खातात, रानडुकरे भुईमूग उकरतात, रोही तुरीत शिरतात. पेरणीनंतरचे आठ-पंधरा दिवस कित्येक कुटुंबे रात्र शेतात काढतात. बांधाला जुन्या साड्या बांधतात, परवडेल तो झटका मशीन बसवतो. नुकसानभरपाई उशिरा आणि तुटपुंजी मिळते, अर्ज-पंचनाम्यात हेलपाटेच जास्त. अशा शेतकऱ्याला संरक्षित प्राणी म्हणजे सरकारने सोडलेला चोर वाटला तर दोष त्याचा नाही. पण संरक्षण सैल करून हा प्रश्न सुटत नाही. बिहारने डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राकडून निलगाय आणि रानडुकराला उपद्रवी ठरवून घेतले. गोळ्या घातल्या गेल्या, देशभर वाद झाला, पण तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार मिटली नाही. माळ आक्रसतो तसा कळप पिकावर जास्त विसंबतो. आणि हरणाची संख्या ताब्यात ठेवणारा लांडगा माळाबरोबरच नाहीसा होतो. देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघांहूनही कमी. इथे सरकारकडे मागणी करायची तर ती दोन गोष्टींची, पंधरा दिवसांत थेट खात्यावर जमा होणारी भरपाई आणि सामूहिक कुंपणाला अनुदान. प्राण्याचे ओझे समाजाने वाहायचे ठरवले असेल, तर ते एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवता येणार नाही.

तिसरा आक्षेप सहसा बोलला जात नाही, पण मराठवाड्यात तो टाळून पुढे जाता येत नाही. इथली गायराने भूमिहीन दलितांनी आणि पारध्यांनी संघर्ष करून कसली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. माळ वाचवण्याच्या नावाखाली या कुटुंबांना हुसकावणे नान्नजपेक्षा मोठी चूक ठरेल. एक-दोन एकरांवर ज्वारी-तूर घेणारा माणूस आणि शंभर हेक्टर कुंपणाआड घेणारा प्रकल्प यांना ‘अतिक्रमण’ आणि ‘विकास’ अशी नावे देऊन एकाला दोषी आणि दुसऱ्याला पाहुणा ठरवणे अन्यायाचे आहे. कोरडवाहू पिकाच्या तुकड्यांत आणि मधल्या गवतात हरीण, तितर, खोकड जगू शकतात, जगत आले आहेत. काँक्रीटमध्ये जगू शकत नाहीत.

मग जमीन राखायची कशी? सरसकट हद्द आखून नव्हे, हे नान्नजने शिकवले. कायद्यात मधला मार्ग आधीच आहे. २००२च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव क्षेत्रांची तरतूद आली. पहिले सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी चर्चा करून. दुसरे गावाच्या किंवा खासगी जमिनीवर, मालकाच्या इच्छेने. येवल्याजवळच्या ममदापूर-राजापूर भागात काळविटांसाठी असे संवर्धन राखीव क्षेत्र झाले आहे, तेही कोरडवाहू, दुष्काळी मुलखातच. लातूर-नांदेडमध्ये कळप कुठे आहेत हे मेंढपाळांना, शेतकऱ्यांना आणि वनरक्षकांना माहीत आहे. चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावरच्या औषधी वनस्पतींची माहिती गावच्या वैदूंना पिढ्यान्‌पिढ्या आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कुणीतरी उद्दिष्ट पुरे करण्यासाठी भरून कपाटात ठेवली. तीच आता बाहेर काढून ग्रामसभेत वाचली पाहिजे, दुरुस्त केली पाहिजे.

कारण वेळ फार थोडा आहे. भूसंपादनाची संयुक्त मोजणी होते तेव्हा भूमापक, तलाठी आणि प्रकल्पाचे अधिकारी शेतात उभे राहून नोंदी करतात: विहीर किती फूट, बोअर किती, पाइपलाइन कुठून, आंब्याची झाडे किती, घर कौलारू की पत्र्याचे. प्रत्येक नोंदीला दर आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट बारकाईने लिहिली जाते. गायरानाच्या गटात मात्र ‘पडीक’ लिहून पान उलटले जाते. त्या पानावर एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही. कळप कोणत्या महिन्यांत इथे असतो, लांडग्याची जागा कुठे आहे, पाण्याला उतरण्याची वाट कोणती, गावाची किती जनावरे चरतात, हे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवरून आणि वनरक्षकाच्या समक्ष लिहून घेता येईल, आणि पावसाळ्यातली एक पाहणी झाल्याशिवाय माळावरची आखणी अंतिम होणार नाही असा आदेश जिल्हाधिकारी आणि रस्ते विकास महामंडळ मिळून काढू शकतील. मोजणीची नोटीस आलेल्या प्रत्येक गावाने, ज्यांची शेती जात नाही त्यांनीसुद्धा, हरकतींच्या मुदतीत आपल्या गायरानाच्या गट क्रमांकासह ही मागणी लेखी नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी.